कोलारच्या ओस खाणी

ओस पडलेली खाण पाहिली की तिच्या पोटात उतरावेसे वाटते. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींत मात्र ही हौस पुरवणे अशक्य आहे. २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या; पुढे पाणी उपसणारे पंप थांबले आणि खोलवरचे बोगदे जलमय झाले. वर उरले ते लोखंडी मनोरे आणि त्यांच्या माथ्यावरची चाके. या चाकांवरून फिरणाऱ्या पोलादी दोरांनीच कामगारांचे पाळणे पाताळात सोडले जात.

१८८० साली जॉन टेलर कंपनीने येथे पाय रोवला. १९०२ मध्ये सुमारे १५० किलोमीटरांवरील शिवसमुद्रम येथून वीज आली. चँपियन रीफ ही खाण पुढे ३ किलोमीटरांहूनही खोल गेली. तेथील खडक तापलेला. शिवाय प्रचंड दाबाखाली तो अकस्मात स्फोट व्हावा तसा फुटे. त्यात कित्येक कामगार प्राणांस मुकले.

याच खोलीने विज्ञानालाही हात दिला. माथ्यावरच्या खडकाने वैश्विक किरणांतील इतर कण बहुतांशी अडवले जात. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह येथे उपकरणे मांडली आणि १९६५ मध्ये वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंची चाहूल टिपली.

सोने तिजोऱ्यांत गेले, शोध ग्रंथांत नोंदला गेला. ज्या तमिळ व तेलुगू कामगारांनी तिथवरची वाट खणली, त्यांच्या कष्टांची साक्ष हे मनोरे देतात. ते भंगाराच्या भावाने मोडीत निघू नयेत, एवढे आपण पाहिले पाहिजे.