फडणीस, शि. द.

फडणीस, शिवराम दत्तात्रेय : मराठी हास्यचित्रकार, मुखपृष्ठकार आणि मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार. जन्म 29 जुलै 1925 रोजी बेळगाव जिल्ह्यातील भोज या सीमाभागातील गावी. शालेय शिक्षण कोल्हापुरात झाले. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात त्यांनी उपयोजित कलेचे शिक्षण घेतले. विद्यार्थिदशेतच त्यांची व्यंगचित्रे मासिकांत येऊ लागली होती. नंतर पुण्यात स्थायिक होऊन त्यांनी आयुष्यभर स्वतंत्रपणे चित्रे काढली. पत्नी शकुंतला फडणीस लेखिका होत्या.

फडणीसांचे नाव घरोघरी पोचले ते दिवाळी अंकांमुळे. ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ या मासिकांचे संपादक अनंत अंतरकर यांनी हास्यचित्राला आतल्या कोपऱ्यातून उचलून थेट मुखपृष्ठावर जागा दिली. मुखपृष्ठावर सुंदर स्त्रीचे चित्र हवे, असा तेव्हा प्रघात होता आणि चित्रकार दीनानाथ दलालांनी तो फार उंचीवर नेलेला होता. अशा काळात, पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला, ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर फडणीसांची एक जोडी अवतरली. तरुणीच्या साडीवर उंदरांची नक्षी आणि शेजारच्या तरुणाच्या शर्टावर मांजरे. चित्राखाली एकही शब्द नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. ते चित्र आजही लोकांना तपशिलासकट आठवते.

या चित्रात त्यांच्या पद्धतीचे सगळे विशेष आले आहेत. ठाम, एकजिनसी बाह्यरेषा. छटांच्या गुंत्याऐवजी सपाट रंग. मोजकीच माणसे आणि पार्श्वभूमीत अनावश्यक काही नाही. चित्रातली गोष्ट अशक्य असते, पण माणसांचे चेहरे असे की जणू हे रोजचेच आहे, आणि हसू तिथूनच फुटते. पात्रे नेहमीच्या मध्यमवर्गीय घरातली असतात. फडणीस राजकीय व्यंगचित्रांच्या वाटेला फारसे गेले नाहीत. बाळ ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण रोजच्या घडामोडींवर भाष्य करीत होते, वसंत सरवटे साहित्यिकांची आणि मध्यमवर्गाची शब्दांसह फिरकी घेत होते, तेव्हा फडणीसांनी निःशब्द हास्यचित्र हेच आपले क्षेत्र ठरवले. त्यामुळे त्यांचे चित्र शिळे होत नाही. बातमी विसरली तरी उंदीर आणि मांजर कळतातच.

मुलांसाठी त्यांनी केलेले काम याच गुणावर उभे आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते त्यांचे सर्वांत मोठे काम होय. पुण्यात 1967 मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाच्या, म्हणजे बालभारतीच्या, प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी सत्तरच्या दशकात चित्रे काढली. गणिताच्या पुस्तकातील चित्र वरवर सोपे वाटते, प्रत्यक्षात ते फार शिस्तीचे असते. सात म्हटले की सातच वस्तू दिसल्या पाहिजेत. आठवी चुकूनही डोकावता कामा नये. मोजताना मूल अडखळू नये म्हणून वस्तू एकमेकींवर चढलेल्या चालत नाहीत. ‘जास्त’ आणि ‘कमी’, ‘जड’ आणि ‘हलके’ हे फरक नजरेला आधी कळावे लागतात, शब्द मागाहून येतात. एवढ्या बंधनांतही चित्र हसरे ठेवायचे. ज्याने वर्षानुवर्षे शब्दांशिवाय गोष्ट सांगितली होती, त्यालाच हे साधणार होते. पहिलीच्या मुलाला नीट वाचता येत नसते. त्याच्यासाठी निःशब्द चित्र हीच भाषा.

ही पुस्तके राज्यभर गेली. नाशिक शहरातील शाळेत जे पुस्तक, तेच सुरगाण्याच्या पाड्यावरच्या शाळेत. ज्या घरात दिवाळी अंक कधी आला नाही, त्या घरातही फडणीसांची रेषा मुलाच्या दप्तरातून पोचली. दिवाळी अंकाचा वाचक चित्रकाराचे नाव ओळखत होता. गणित शिकणाऱ्या मुलांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नव्हते. प्रतिष्ठा मुखपृष्ठांना मिळाली, पाठ्यपुस्तकांतील चित्रांची समीक्षा मात्र मराठीत फारशी झाली नाही, ही उणीव मोठी आहे.

‘हसरी गॅलरी’ हे त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन मुंबईच्या जहांगीर कलादालनापासून अनेक ठिकाणी भरले आणि त्याच नावाने पुस्तकरूपातही आले. ‘मिस्कील गॅलरी’, ‘फडणीस गॅलरी’ आणि मुलांसाठीची ‘चिमुकली गॅलरी’ ही त्यांची इतर पुस्तके. ‘चित्रहास’ या कार्यक्रमात ते पडद्यावर चित्रे दाखवीत आणि प्रेक्षकांसमोर रेखाटनही करीत. व्यंगचित्र ही बैठकीत बसून आस्वाद घेण्याची कला आहे, हे या कार्यक्रमाने अनेकांना प्रथमच कळले. ‘रेषाटन’ हे त्यांचे आत्मकथन चित्रकाराच्या व्यवसायाबद्दलही बोलते. चित्रावर चित्रकाराचा हक्क असतो, ते न विचारता छापणे योग्य नाही, हा आग्रह त्यांनी सातत्याने धरला. बंगळूरच्या भारतीय व्यंगचित्रकार संस्थेने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला.

मराठी हास्यचित्राला शब्दांच्या आधाराशिवाय उभे राहता येते हे ज्यांनी सिद्ध केले, त्यांत फडणीसांचे नाव पहिले घ्यावे लागते. आणि मराठी पाठ्यपुस्तकांच्या चित्रांचा इतिहास लिहायचा तर तो त्यांच्या गणिताच्या पुस्तकांपासून सुरू करावा लागेल.