मुलगा सारखा पडतोय, पोटऱ्या जाड दिसतात? रक्ताची ‘सीपीके’ तपासणी करून घ्या

तीन-चार वर्षांचं पोरगं सारखं पडतं. जिना चढताना कठडा धरतं. खाली बसलं की स्वतःच्या गुडघ्या-मांड्यांवर हात टेकवत उठतं. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरलेल्या. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, वाढत्या वयात जाईल. पण ही ‘ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी’ या स्नायूंच्या आजाराची लक्षणे असू शकतात.

आजार काय?
स्नायू टिकायला डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन लागते. जनुकातल्या दोषामुळे ते तयार होत नाही आणि स्नायू झिजत जातात. पोटरीत त्यांच्या जागी चरबी भरते. साधारण ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो, मुलींना क्वचितच. दोष अनेकदा आईकडून येतो, पण सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच तयार होतो. त्यामुळे आईला बोल लावू नका. ही बाहेरची बाधा नाही, आजार संसर्गानेही होत नाही.

तपासणी
या आजारात सीपीके खूप वाढलेले असते. एसजीपीटीही वाढते, म्हणून कधी कधी लिव्हरचाच इलाज चालू राहतो. पक्के निदान जनुकीय तपासणीने होते. पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी आईचीही तपासणी करावी.

उपचार
आजार मुळापासून बरा होत नाही. पण स्टिरॉइड गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर मूल जास्त वर्षे चालते. त्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नयेत. रोजचा हलका व्यायाम आणि हृदय-फुप्फुसांची नियमित तपासणी हवी. जोरजोरात मालिश किंवा ताकदीचा व्यायाम नको.

मोठ्या माणसांतला स्नायूंचा अशक्तपणा अनेकदा औषधाने आटोक्यात येतो. थायरॉइड हे एक कारण. संध्याकाळी पापण्या जड होणे, गिळायला त्रास होणे हे मायस्थेनियाचे लक्षण असते, त्यावरही औषध आहे.

कुठे जायचे?
अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांना मूल दाखवा. तिथून पुढे अहिल्यानगरचे जिल्हा रुग्णालय. मुंबईचे केईएम रुग्णालय दुर्मिळ आजारांचे केंद्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराची नोंद आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करा.