यजमान हरवलेले हार्पवादक

१/ जुलै १७९२. आयर्लंडमधील बेलफास्ट शहराच्या एका सभागृहात अकरा हार्पवादक जमले होते. दहा आयरिश आणि एक वेल्श. आयरिश दहांपैकी सहा जण अंध. सर्वांत धाकटा १५ वर्षांचा, तर सर्वांत वृद्ध डेनिस हेम्पसन याचे वय ९७ असल्याचे सांगितले जाई. जाहीर आवाहन करूनही वादक एवढेच आले. ज्या देशाच्या नाण्यांवर हार्प कोरलेले होते, त्या देशातील वादक कुठे गेले?

२/ उत्तरासाठी दोन शतके मागे जावे लागते. गेलिक सरदारांच्या दरबारात कवी आणि हार्पवादक यांना मानाचे स्थान होते. कवीने रचलेली स्तुती हार्पच्या साथीने गायली जाई. वादकाला आश्रय मिळे आणि सरदाराला कीर्ती. हा व्यवहार दोन्ही बाजूंच्या गरजेवर उभा होता.

३/ वाद्यही निराळे होते. त्याच्या तारा धातूच्या, बहुधा पितळेच्या असत आणि जुन्या पद्धतीचा वादक त्या वाढविलेल्या नखांनी छेडी. छेडलेली तार बराच वेळ निनादत राही. म्हणून कोणती तार वाजवावी याइतकेच कोणती तार बोटाने थांबवावी हेही शिकावे लागे. हे ज्ञान गुरूच्या हातातून शिष्याच्या हातात जाई, कागदावर नव्हे.

४/ १६०७ मध्ये उत्तरेकडील प्रमुख गेलिक सरदारांनी देश सोडला. पुढे क्रॉमवेलच्या काळात जमिनी मोठ्या प्रमाणावर जप्त झाल्या. दरबार संपले आणि हार्पवादक फिरस्ता झाला. आता तो घोड्यावरून एका जमीनदाराच्या वाड्यातून दुसऱ्याच्या वाड्यात जाऊ लागला. देवीच्या रोगाने दृष्टी गेलेल्या मुलांसाठी तर ही विद्या उपजीविकेचे साधन ठरली.

५/ टर्लो कॅरोलन (१६७०–१७३८) हा त्यांपैकी सर्वांत नामवंत. अठराव्या वर्षी देवीच्या रोगाने त्याची दृष्टी गेली. मॅकडरमॉट रो घराण्यातील गृहिणीने त्याच्या हार्पच्या तीन वर्षांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. मग घोडा, वाटाड्या आणि थोडे पैसे देऊन निरोप दिला. त्यापुढील जवळजवळ अर्धशतक तो यजमानांच्या घरी वाजवीत फिरला.

६/ त्याच्या दोनशेहून अधिक रचनांपैकी अनेकांना यजमानांचीच नावे आहेत. वाड्यावर उतरावे, घरधन्यासाठी किंवा त्याच्या कन्येसाठी नवी चाल बांधावी, आतिथ्य आणि बिदागी घ्यावी, पुढील वाट धरावी, असा हा क्रम. आज आपण या चाली कलाकृती म्हणून ऐकतो; त्या काळी ती घरोघरी पोचविलेली भेट होती. अखेरच्या आजारात कॅरोलन परतला, तो त्याच मॅकडरमॉट रो यांच्या घरी.

७/ पुढील काही दशकांत जमीनदारांची अभिरुची बदलली. वाड्यांत पियानो आला, युरोपीय संगीत आले. हार्पवादकाची कला कमी झाली नव्हती. त्याला बोलावणारी घरे कमी झाली होती. बेलफास्टच्या मेळाव्यामागे हीच चिंता होती. त्याच्या आयोजकांपैकी डॉ. जेम्स मॅकडॉनेल बालपणी अंध वादक आर्थर ओ'नील याच्याकडे हार्प शिकले होते.

८/ मेळाव्यात पहिले पारितोषिक, १० गिनी, चार्ल्स फॅनिंगला मिळाले. ओ'नीलला ८, उरलेल्यांना ६-६ गिनी. फॅनिंगने लोकप्रिय चाल आधुनिक ढंगात सजवून वाजविली होती. जुन्या रीतीने नखांनी वाजविणारा तिथे एकटा हेम्पसन होता. परंपरा वाचविण्यासाठी भरलेल्या मेळाव्यातही मान मिळाला तो नव्या अभिरुचीला.

९/ श्रोत्यांत क्रांतिकारक वुल्फ टोन होता. बहुतेक वादक त्याला सुमार वाटले. चांगल्या आयरिश चाली आधीच लिहून झाल्या असाव्यात, असे त्याने दैनंदिनीत नोंदविले. गंमत अशी, की त्याच्याच युनायटेड आयरिशमेन संघटनेचे चिन्ह हार्प होते. चिन्ह प्रिय होते, वादक नकोसा.

१०/ त्याच सभागृहात १९ वर्षांचा ऑर्गनवादक एडवर्ड बंटिंग चाली टिपून घेत होता. पुढे तो खेडोपाडी फिरला आणि १७९६, १८०९ व १८४० मध्ये त्याने तीन संग्रह छापले. परंतु ते पियानोसाठी बांधलेले होते. चाली वाचल्या, त्या वाजविणारा हात कागदावर पुरता उतरला नाही.

११/ १८०८ मध्ये बेलफास्टला हार्पशाळा निघाली. ओ'नील तिथे अंध मुलांना शिकवू लागला, पण १८१३ मध्ये ती बंद पडली. १८१९ मध्ये तिला पुन्हा जीवदान मिळाले, तेही भारतातून! बंगालमधील आयरिश मंडळींनी वर्गणी पाठविली होती. तो निधी आटला आणि १८३९ च्या सुमारास शाळाही संपली. शिष्य तयार झाले होते. त्यांना ठेवून घेणारे वाडे मात्र उरले नव्हते.

१२/ आज आयर्लंडच्या युरो नाण्यांवर हार्प आहे. विवाहसमारंभांत मानधन देऊन बोलावलेले वादक कॅरोलनच्या चाली वाजवितात, बहुधा नायलॉन वा आतड्याच्या तारांच्या नव्या हार्पवर. धातूच्या तारांचे वादन मात्र बंटिंगच्या हस्तलिखितांवरून आणि जुन्या वाद्यांवरून नव्याने जुळवावे लागले. कला केवळ कौतुकावर जगत नाही. तिला दार उघडणारा यजमान लागतो. ते दार एकदा बंद झाले, की चाल उरते आणि हात हरवतो.