नदीपलीकडचा कायदा

कुरुंदवाडहून पंचगंगा ओलांडली की नरसोबाची वाडी लागते आणि तिथून थोड्या अंतरावर शिरोळ. आज हा सगळा एकच तालुका आहे. 1919 साली मात्र शिरोळ कोल्हापूरच्या छत्रपतींचं होतं आणि कुरुंदवाड पटवर्धनांचं. त्या वर्षी 2 ऑगस्टला राजर्षी शाहू महाराजांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. कुरुंदवाडची लेक शिरोळला दिली, तर तिच्या पाठीशी हा कायदा उभा राहू शकत होता. शिरोळची लेक कुरुंदवाडला नांदायला आली, तर तो सरहद्दीवरच थांबत होता.

गुन्हा शाबीत झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दोनशे रुपयांपर्यंत दंड. अंगावरच्या माराबरोबर मनाचा छळही या कायद्याने क्रूरपणात धरला. ‘नवराबायकोचं भांडण, चव्हाट्यावर कशाला?’ असं म्हणण्याच्या काळात एका संस्थानिकाने हे मानलं, याचं मोल फार मोठं आहे.

सहा महिन्यांचा हाच आकडा मराठी मुलखाने आधी एकदा ऐकला होता, तो अगदी उलट बाजूने. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. तेव्हा नवरा दादाजी भिकाजी कोर्टात गेला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला, पण अपिलानंतर 1887 मध्ये निकाल फिरला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. 1888 मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. हा नुसता घर सोडण्या-धरण्याचा वाद नव्हता. मनाविरुद्ध नवऱ्याच्या खोलीत जायला बाईला कायद्याने भाग पाडता येतं का, हा खरा प्रश्न होता. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठीचं मुलीचं किमान वय दहावरून बारावर नेलं. टिळकांसह अनेकांनी त्याला कडाडून विरोध केला. बारा वर्षांवरच्या बायकोची इच्छा कुणी विचारलीच नाही.

छळातून सुटायच्या वाटाही सगळ्यांना सारख्या नव्हत्या. अनेक बहुजन जातींत पंचांपुढे काडीमोड होई, बाई पाट लावून पुन्हा संसार मांडू शके. ब्राह्मण घरातल्या स्त्रीला तेवढंही दार नव्हतं. आणि दार असलं तरी माहेरने पाठ फिरवल्यावर जायचं कुठे?

हे दुःख जात्याजवळ बोललं गेलं. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या पुढे आहेत, आणि सासुरवास हा त्यांतला एक ठळक विषय आहे. शेजेवरच्या जबरदस्तीला मात्र सरळ शब्द मिळणं कठीण. ती दुसऱ्याच तक्रारींआड लपते: झोप लागत नाही, कंबर दुखते, अंगावरून जातं. गोव्यातल्या एका अभ्यासात अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट दिसलं. दिवसा हात उगारणाऱ्याच्या शेजारी रात्री निजायचं, तर अंग आधीच आखडतं. जवळिकीची ओढ जाऊन तिथे धास्ती बसते, आणि ‘बायकोला संसारात रस नाही’ हा ठपकाही तिच्याच माथी येतो.

मार्च 1948 मध्ये कुरुंदवाड संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, मार्च 1949 मध्ये कोल्हापूरही, आणि नदीवरची सरहद्द पुसली. पण नवऱ्याच्या आणि सासरच्या क्रूरतेसाठी खास कलम, 498 अ, देशाच्या दंडसंहितेत यायला 1983 उजाडलं. शाहू महाराजांच्या कायद्याला तेव्हा चौसष्ट वर्षं झाली होती.

2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत शारीरिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळाबरोबर लैंगिक छळही आहे. संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरतात, त्याच्या छापील नमुन्यात जबरदस्तीच्या शरीरसंबंधासाठी वेगळी नोंद आहे. जे ओठांवर आणायचीही चोरी होती, ते सरकारी कागदावर आलं. त्या नोंदीवर बाईला संरक्षणाचा आदेश मिळू शकतो, राहतं घर मिळू शकतं, पोटगी मिळू शकते. पण बायको अठरा वर्षांची झाली की तिच्यावर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. हा अपवाद जुन्या दंडसंहितेत होता, आणि 1 जुलै 2024 ला आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे.