'क्विट' म्हणावे की 'एक्झिट'? मेनूतील शब्दांवरून लढलेला एक खटला

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास

१/ आज कोणताही प्रोग्रॅम उघडा. 'कॉपी'ला बहुधा 'कॉपी'च म्हटलेले असते. हा एकसारखेपणा आपण गृहीत धरतो. मात्र मेनूतील शब्द आणि त्यांची मांडणी ही एखाद्या कंपनीची मालमत्ता असू शकते काय, हा प्रश्न १९९० च्या दशकात थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

२/ डॉसच्या काळात प्रत्येक प्रोग्रॅमची बोली निराळी होती. लोटस १-२-३ मध्ये एफ१ दाबले की मदत मिळे. वर्डपरफेक्टमध्ये तीच कळ 'रद्द' करण्यासाठी होती आणि मदत एफ३ वर होती. दिवसभर दोन्ही वापरणाऱ्याच्या बोटांची काय तारांबळ उडत असेल!

३/ लोटस १-२-३ हे जानेवारी १९८३ मध्ये आलेले स्प्रेडशीट. स्लॅशची कळ दाबली की मेनू उघडे. मग डब्ल्यू, आय, आर, म्हणजे वर्कशीट, इन्सर्ट, रो. तक्त्यात नवी ओळ तयार. अशा ४६९ आज्ञा पन्नासहून अधिक मेनू-उपमेनूंत विभागलेल्या होत्या. वापरणारे या आद्याक्षरांच्याच साखळ्या जोडून 'मॅक्रो' रचत. मेनूतला एक शब्द बदलला, तर आद्याक्षर बदले आणि वर्षानुवर्षे जमवलेले मॅक्रो निकामी होत.

४/ बोरलँड कंपनीच्या 'क्वाट्रो प्रो'ने यावर तोड काढली. स्वतःचा मेनू ठेवलाच, शिवाय लोटसचा मेनू जसाच्या तसा वापरण्याची सोयही दिली. लोटसच्या कोडची एकही ओळ घेतली नव्हती. घेतले ते केवळ शब्द आणि त्यांची रचना. जुलै १९९० मध्ये लोटसने दावा दाखल केला.

५/ जिल्हा न्यायाधीश रॉबर्ट कीटन यांनी लोटसच्या बाजूने कौल दिला. त्यांचा युक्तिवाद मोठा मनोरंजक आहे: 'क्विट'ऐवजी 'एक्झिट' म्हणता आले असते, 'कॉपी'ऐवजी 'क्लोन', 'डिट्टो', 'मिमिक' असे कितीतरी शब्द होते. पर्याय होते, म्हणून शब्दांची निवड ही लोटसची अभिव्यक्ती ठरते, आणि अभिव्यक्तीवर कॉपीराइट असतो. तर्क बिनतोड वाटतो. पण प्रत्येक कंपनीने 'कॉपी'साठी वेगळा शब्द योजला असता तर? माझ्या मते न्यायाधीशमहाशयांनी शब्दकोश पाहिला, कळफलकावरची बोटे पाहिली नाहीत.

६/ मार्च १९९५ मध्ये फर्स्ट सर्किट अपील न्यायालयाने हा निर्णय फिरवला. मेनू ही 'कार्यपद्धती' आहे, व्हीसीआरच्या बटणांसारखी. तिच्यावर कॉपीराइट चालत नाही. एकच काम प्रत्येक प्रोग्रॅममध्ये निराळ्या रीतीने शिकावे लागणे न्यायालयाला हास्यास्पद वाटले.

७/ जानेवारी १९९६. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी भाग घेतला नाही आणि उरलेल्या आठांची मते ४-४ अशी समसमान विभागली. त्यामुळे अपिलाचा निकाल कायम राहिला. देशभर बंधनकारक असा दंडक मात्र घालून दिला गेला नाही.

८/ तोवर लोटस कंपनी आयबीएमने विकत घेतली होती. याच आयबीएमने १९८७ मध्ये सर्व प्रोग्रॅमांचे मेनू आणि कळा एकसारख्या असाव्यात म्हणून 'कॉमन यूझर ॲक्सेस' नावाची नियमावली काढली होती. आणि बोरलँड? खटला जिंकला खरा, पण 'क्वाट्रो प्रो' त्यांनी १९९४ मध्येच नॉव्हेलला विकून टाकले होते.