उत्तर आणि रीत

गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं तर पूर्ण गुण मिळत नाहीत, रीत दाखवावी लागते. हे आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय, आणि माझ्यासारख्यांनी तर आयुष्यभर ऐकवलंय. रीत दाखवली की उत्तर कुठून आलं ते कळतं, चूक झाली असेल तर कुठल्या पायरीवर झाली ते सापडतं, आणि मुख्य म्हणजे तीच रीत घेऊन दुसरं कुणी पुढचं गणित सोडवू शकतं.

संगणकाच्या जगातही असंच आहे. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्राम म्हणजे सोर्स कोड. ती झाली रीत. कंपायलरमधून ती गेली की यंत्राला कळणारी फाइल तयार होते. ते झालं उत्तर. आपण बहुतेक जण जन्मभर उत्तरंच वापरतो. पण एका भाषेचा इतिहास असा आहे की तो घडलाच मुळी रीत वाटल्यामुळे. ती भाषा म्हणजे पीएचपी.

(भाचेमंडळींनी हसू नये. काकांना हे कसं कळलं याचं उत्तर सोपं आहे. निवृत्तीनंतर वेळ भरपूर असतो आणि घरातल्या तरुणांना प्रश्न विचारायला मला लाज वाटत नाही.)

आपण इंटरनेटवर जी पानं वाचतो, त्यातली पुष्कळशी आधीपासून लिहून ठेवलेली नसतात. आपली मागणी दूरच्या सर्व्हरपर्यंत पोचली की तिथे त्या क्षणी पान तयार होतं आणि आपल्याला वाढलं जातं. हे वाढप्याचं काम करणाऱ्या भाषांमध्ये पीएचपी आज सर्वांत जास्त वापरली जाते. वर्डप्रेसचे ब्लॉग तिच्यावर चालतात. विकिपीडियाने २००२ साली पीएचपीत लिहिलेली प्रणाली घेतली, आणि २००३ साली सुरू झालेला आपला मराठी विकिपीडियाही तिच्यावरच उभा आहे.

सुरुवात मात्र अगदी घरगुती. रासमुस लर्डॉर्फ हा ग्रीनलंडमध्ये जन्मलेला आणि कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात शिकलेला तरुण. १९९४ साली त्याने इंटरनेटवर ठेवलेली आपली माहिती किती लोक बघून जातात हे मोजण्यासाठी सी भाषेत काही छोटे प्रोग्राम लिहिले. त्यांना नाव दिलं 'पर्सनल होम पेज टूल्स'. पीएचपी ही अक्षरं त्यातली. १९९५ च्या जूनमध्ये त्याने ते सोर्स कोडसकट जाहीर करून टाकले. कुणीही घ्या, वापरा, सुधारा.

लोकांनी खरोखरच ते घेतलं आणि सुधारलं. १९९७ साली इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या टेक्निऑन या संस्थेचे दोन विद्यार्थी, अँडी गुटमन्स आणि झीव्ह सुरास्की, आपल्या एका प्रकल्पासाठी ही भाषा वापरत होते. ती त्यांना अपुरी पडली. ती तयार फाइलच्या रूपात मिळाली असती तर दोघं तक्रार करून गप्प बसले असते. पण रीत हातात होती. त्यांनी तिचा गाभा नव्याने लिहिला आणि लर्डॉर्फशी हातमिळवणी केली. त्यातून १९९८ च्या जूनमध्ये तिसरी आवृत्ती आली, आणि २००० साली चौथी. त्या चौथ्या आवृत्तीच्या इंजिनाचं नाव 'झेंड', म्हणजे झीव्ह आणि अँडी यांच्या नावांची जोडणी.

यातला एक तपशील मला फार आवडतो. पीएचपीत दोन अपूर्णविराम शेजारी शेजारी लिहायचं एक चिन्ह आहे. सोर्स कोडमध्ये त्याचं नाव आहे 'पामायिम नेकुदोतायिम'. ही चक्क हिब्रू आहे, अर्थ साधारण 'दोनदा अपूर्णविराम'. कित्येक वर्षं जगभरच्या प्रोग्रामरांना चूक झाली की पडद्यावर हा शब्द दिसायचा आणि ते डोकं खाजवत बसायचे. कोड लिहिणाऱ्यांची मायबोली तिथे अशी कायमची राहून गेली आहे.

आता रीतीपासून उत्तर कसं बनतं ते पाहू. सोर्स कोडचं गाठोडं उतरवून घ्यायचं, सोडायचं आणि तीन आज्ञा द्यायच्या : कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. या आज्ञा पीएचपीपेक्षा जुन्या आहेत. 'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये लिहिलं. कुठल्या फाइलपासून कुठली फाइल बनते आणि काय बदललं म्हणजे काय पुन्हा बनवायचं, याचा हिशेब ते ठेवतं. 'कॉन्फिगर' ही फाइल तयार करून देणारं ऑटोकॉन्फ हे साधन १९९१ मधलं. त्या काळी युनिक्सचे नाना प्रकार होते आणि एकावर चालणारं दुसऱ्यावर चालेल याची खात्री नसे. म्हणून बांधकामाआधी पाहणी.

ही पाहणी बघायला मजा येते. पडद्यावर ओळीमागून ओळ सरकत जाते. सी कंपायलर आहे का? आहे. अमुक लायब्ररी आहे का? आहे. तमुक? नाही. मला तर सरळ वर्गातली हजेरी आठवली! फरक इतकाच की इथे एखादा महत्त्वाचा गडी गैरहजर निघाला तर तास तिथेच थांबतो. मग त्याला शोधून आणायचं आणि पुन्हा पहिल्यापासून हजेरी.

पण कॉन्फिगरचं खरं महत्त्व हजेरीत नाही, निवडीत आहे. आज्ञेपुढे आपण लिहू ते भाषेत घातलं जातं. न मागितलेलं बरंचसं बाहेर राहतं. आणि इथे आपल्या मराठीचा संबंध येतो.

'मराठी' या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं पोर सांगेल, तीन. पीएचपीला लांबी मोजायची साधी आज्ञा दिली की ती सांगते, पंधरा! कारण ती बाइट मोजते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, आणि म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी मिळून खुणा पाच. 'एमबीस्ट्रिंग' नावाचं विस्तार-साधन घातलेलं असेल तर त्याच्या आज्ञेने उत्तर मिळतं पाच. ते साधन जपानी प्रोग्रामरांनी केलं, त्यांनाही त्यांच्या लिपीसाठी हीच अडचण होती. आणि 'इंटल' हे दुसरं साधन घातलं असेल तर एकदाचे मिळतात तीन. सोर्समधून बांधताना ही दोन्ही साधनं आपणहून मागावी लागतात. न मागता मिळत नाहीत.

म्हणजे बघा, मराठी शब्दाचा शेवट मधेच तुटून तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसणार की नाही, हे काही अंशी सर्व्हर बांधणाऱ्याने त्या दिवशी काय मागितलं यावर ठरतं. त्याला देवनागरी ठाऊक नसेल तर मागायचं त्याला सुचणार तरी कसं? मुळातच भाषेच्या पोटात युनिकोड घालायचा मोठा प्रयत्न पीएचपीच्या सहाव्या आवृत्तीत चालू होता. तो २०१० साली सोडून द्यावा लागला. सहावी आवृत्ती कधी आलीच नाही. पाचवीनंतर २०१५ साली एकदम सातवी आली.

बांधून झालं तरी काम संपत नाही. एक सेटिंगची फाइल असते, तिच्यात भाषेने वागायचं कसं ते लिहायचं. सोर्सच्या गाठोड्यात तिचे दोन नमुने मिळतात, एक शिकाऊ कामासाठी आणि एक प्रत्यक्ष वापरासाठी. पहिल्यात चुका पडद्यावर दाखवल्या जातात, दुसऱ्यात परक्यांपासून झाकून नोंदवहीत लिहिल्या जातात. या फाइलीत पूर्वी 'रजिस्टर ग्लोबल्स' नावाचं एक बटण होतं. ते चालू असलं की पत्त्याच्या पट्टीत कुणी काहीही टाइप केलं तरी ते थेट प्रोग्रामच्या आत जाऊन बसायचं. नवशिक्यांची मोठी सोय! पण कुणी पत्त्यातच 'मी व्यवस्थापक आहे' अशा अर्थाचं लिहिलं आणि प्रोग्राम ढिला असला, तर तो बिचारा विश्वास ठेवायचा. २००२ साली हे बटण मुळातून बंद स्थितीत देऊ लागले आणि २०१२ साली ते काढूनच टाकलं.

तरुण मंडळी म्हणतील, आता कोण बसतंय हे सगळं करत? तयार पॅकेज मिळतं, डॉकरचा डबा मिळतो. खरं आहे, आणि तेच सोयीचं आहे. पण डॉकरच्या त्या अधिकृत पीएचपी डब्याची कृती उघडून पाहिली तर आत काय आहे? कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. आपल्या वतीने दुसऱ्याने केलेलं, इतकंच.

हे दुसऱ्यावर सोपवणं कितपत ठीक, याचा विचार करायला लावणारी घटना २०२१ च्या मार्चमध्ये घडली. पीएचपीच्या मूळ सोर्स कोडच्या भांडारात कुणीतरी चोरवाट घुसवली. एकदा लर्डॉर्फच्या नावाने, एकदा निकिता पोपोव्ह या दुसऱ्या मोठ्या सहकाऱ्याच्या नावाने. बदलाचं कारण काय लिहिलं होतं, तर शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली! प्रत्यक्षात त्या ओळींमध्ये 'यूजर एजंट' या शब्दाच्या शेवटी मुद्दाम एक जास्तीचा टी होता, आणि तीच चोराची खूण. तो शब्द घेऊन येणाऱ्याला सर्व्हरवर हवा तो हुकूम चालवता आला असता. रोजचे बदल वाचायची सवय असलेल्या काही जणांनी त्या ओळी वाचल्या आणि काही तासांतच हे उघडकीला आलं. ती चोरवाट कुठल्याही प्रसिद्ध आवृत्तीत गेली नाही. मग प्रकल्पाने आपला स्वतःचा सर्व्हर सोडून सगळा कारभार गिटहबवर नेला.

जन्मभर वह्या तपासलेल्या माणसाला या गोष्टीचं कौतुक वाटणारच. मोठ्या नावाला न भुलता कुणीतरी ओळ न ओळ वाचली. सगळ्यांनी रीत वाचावी असं मी म्हणत नाही, ते शक्यही नाही. पण ती उघडी राहिली पाहिजे आणि वाचणारे थोडे तरी असले पाहिजेत, नाहीतर दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे कोण सांगणार?

असो. बरंच लांबलं. ब्लॉगर मित्रांपैकी कुणी हा उद्योग स्वतः केला असेल तर जरूर कळवा. आणि एमबीस्ट्रिंग मागितलं होतं की नाही, तेही सांगा.