प्लास्टिक खडीवर, डांबरात नव्हे

डोंगरी रस्त्याचा शत्रू कोण, असं फौजेत विचाराल तर उत्तर एकच मिळेल: पाणी. खडी आणि डांबर यांच्यामध्ये ते शिरतं, डांबर सुटतं, खडी उखडते आणि रसदीच्या गाड्या अडतात. म्हणून मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांचं काम मला कचऱ्यापेक्षा रस्त्याच्या इतिहासात मोठं वाटतं.

ते त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत. २००२ साली तिथल्याच आवारात त्यांनी रस्ता केला. प्लास्टिक डांबरात मिसळायची पद्धत बंगळुरूत साधारण त्याच सुमारास आली होती. वासुदेवन यांनी क्रमच फिरवला. खडी १६०-१७० अंशांपर्यंत तापवायची आणि तिच्यावर पिशव्यांचे बारीक तुकडे टाकायचे. ते वितळून दगडावर पातळ लेप बसतो, पाण्याची वाट बुजते. डांबर त्यानंतर, आणि तेही थोडं कमी लागतं. रस्त्याच्या कामावर यासाठी नवी अवजड यंत्रं लागत नाहीत, हे मला विशेष आवडलं.

इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१५ मध्ये केंद्राने मोठ्या शहरांजवळच्या डांबरी रस्त्यांसाठी ही पद्धत बंधनकारक केली. २०१८ मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली.

बंधन आलं की किती टन कचरा खपला याचे आकडे पुढे येतात. रस्त्याने किती पावसाळे काढले, हे मी आधी विचारेन. शिवाय पीव्हीसी यात चालत नाही. तापलं की विषारी वायू सुटतो, आणि तो जातो खडी भाजणाऱ्या मजुराच्याच नाकात. ते वेगळं काढायचं काम कचरा निवडणाऱ्या बायकांच्या हातात असतं.